डोकं खाली जाऊ दे: शर्यतीचा घोडा लांबच्या प्रवासाला नेताना

यात्रांच्या दिवसांत निपाणी ते संकेश्वर या पट्ट्यात महामार्गाच्या कडेला तासभर उभे राहिलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. पिकअप गाडी, हौद्यात घोडा, मान केबिनच्या टपावरनं पुढं काढलेली, आयाळ वाऱ्यावर, कपाळाला गुलाल, आणि काचेवर मालकाच्या पोराचं नाव. येणारे-जाणारे मोबाईल काढून फोटो घेतात. मीही घेतलेत, माझ्याच घोडीचे.

फोटोतला तो सगळा रुबाब वर बांधलेल्या मानेचा असतो. आणि पुष्कळ घोडी शर्यत हरतात तीही त्या मानेमुळंच.

माझ्याकडं एक कुमैत घोडी होती. रेसकोर्सवरनं निवृत्त होऊन आलेली, सहा वर्षांची, पळायला वेडी. सोलापूरकडच्या एका गावात शर्यत होती, अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालो. मिरजेच्या अलीकडं पंक्चर, पुढं रस्त्याचं काम; पोचायला नऊ तास लागले. हौद्यात धडपडू नये म्हणून मी तिला आखूड बांधली होती, मान पार वर. उतरवल्यावर अंगावर एक ओरखडा नाही हे बघून खूश झालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पळवली. निम्म्या अंतरापर्यंत पुढं होती, मग श्वास तुटला. रात्री तिनं चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे थर्मामीटर लावला तर १०४. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं पाण्याचं विचारतील, चाऱ्याचं विचारतील. त्यांनी विचारलं, “गाडीत मान कशी बांधली होती?”

पाच आठवडे औषधं चालली. घोडी वाचली, पळाली मात्र पुन्हा नाही.

तेव्हापासून मी प्रवासाचा हिशोब किलोमीटरमध्ये करायचं सोडलं. डोकं सलग किती तास वर राहिलं, तो माझा हिशोब. खाली जे लिहितोय ते आपल्या बेळगावकडच्या भागातल्या घोडागाडीच्या शर्यतीतल्या घोड्यांसाठी आहे, आणि रेसकोर्सच्या घोड्यांसाठीही. पुण्याचा रेसचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, मुंबईच्या महालक्ष्मीचा नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत, बेंगळुरूचे उन्हाळी आणि हिवाळी असे दोन. तिकडची घोडी इकडं आणि इकडची तिकडं जायची म्हटली की आपल्या दारावरनंच जातात. बेळगावहून पुणे ३४० किलोमीटरच्या आसपास, बेंगळुरू ५००. त्यांचे फ्लोट, म्हणजे घोडी न्यायच्या खास गाड्या, चांगले असतात, आपले पिकअप. पण फुप्फुस दोघांचं एकच.

आधी हे समजून घ्या: गाडीत घोड्याच्या अंगात काय होतं

घोड्याच्या श्वासनळीला आतनं बारीक लव असते. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, जंतू, शेंबूड हे सगळं ती लव वर ढकलत घशाकडं आणते. मोकळ्या रानात घोडा दिवसातले चौदा-पंधरा तास डोकं खाली घालून चरतो, त्यामुळं हा कचरा उतारानं आपोआप बाहेर पडतो. मान वर बांधली की उतार उलटा होतो. कचरा खाली, छातीकडं साचतो. सहा ते बारा तास असं राहिलं की श्वासनळीतले जंतू बेसुमार वाढतात, आणि मग ते फुप्फुसात आणि फुप्फुसावरच्या आवरणात उतरतात. डॉक्टर याला शिपिंग फीव्हर म्हणतात. यातली खरी मेख अशी, की ताप लगेच येत नाही. एक ते तीन दिवसांनी दिसतो. म्हणजे नेमका शर्यतीच्या दिवशी किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी. उतरवताना घोडा टवटवीत दिसला याला म्हणूनच काही अर्थ नाही.

दुसरं, पाणी. साडेचारशे किलोचा घोडा दहा-बारा तासांच्या प्रवासात दहा ते वीस किलो सहज उतरतो, उन्हात त्याहून जास्त. यातला काही भाग लीद आणि रिकामं झालेलं आतडं, बाकी पाणी. एक बादली पाजली की हे भरून येतं असं समजू नका. आतड्यातला ओलावा हा घोड्याचा राखीव हौद असतो. तो पुन्हा भरायला एक-दोन दिवस जातात.

तिसरं, मेहनत. आपण म्हणतो घोडा गाडीत नुसता उभा होता. नुसता नसतो. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला तो चारही पायांनी तोल सावरतो, आणि त्यात जवळजवळ चालण्याइतकी ताकद जाते. आठ तासांचा प्रवास म्हणजे आठ तास चालवून आणल्यासारखंच. त्यात घोड्याचं साठ टक्के वजन मुळात पुढच्या पायांवर. खाडकन ब्रेक मारला की सगळा भार खांद्यांवर आणि गुडघ्यांवर येतो.

पोटाचं एवढंच सांगतो: घोड्याच्या जठरात आम्ल सारखं पाझरत असतं, चारा असो वा नसो. रिकाम्या पोटी गाडीत हिंदकळला की तेच आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागाला जाळतं. “गाडीत घाण करील” म्हणून घोडा उपाशी नेणारे बरेच आहेत. गाडी धुवायला अर्धा तास लागतो, अल्सर भरायला महिना.

आठ-दहा दिवस आधी

एक वही करा. रोज सकाळ-संध्याकाळ, काम करून घेण्याआधी, घोड्याचा ताप आणि नाडी लिहा. ताप गुदद्वारातनं, साध्या डिजिटल थर्मामीटरनं. त्याला दोरा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावा, नाहीतर थर्मामीटर आत गेला म्हणून धावपळ होते. मोठ्या घोड्याचा ताप साधारण ९९ ते १०१ फॅरेनहाइट. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटाला लागते, दोरीसारखी गुळगुळीत. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. विश्रांतीत २८ ते ४४. तयारीच्या घोड्याची खालच्या बाजूला असते. तुमच्या घोड्याचा नेहमीचा आकडा तुम्हाला माहीत नसेल, तर परक्या गावी पोचल्यावर काढलेला आकडा कशाशी ताडून बघणार?

वजनाचंही तसंच. काही जण साखर कारखान्याच्या काट्यावर घोडा उभा करतात. उसाच्या ट्रकसाठी केलेल्या काट्याला पाच-दहा किलो म्हणजे काहीच नाही, आणि आपल्याला नेमकं तेवढंच बघायचं असतं. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुढच्या पायांमागनं छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर ४५० किलो येतात. प्रवासानंतर घेर १७७ भरला तर ४३५. आकडा तंतोतंत नसतो, पण तोच माणूस, तीच टेप, तीच जागा असेल तर उतार-चढाव कळतो. दर वेळी श्वास सोडल्यावर टेप घ्या, आणि घोडा सपाट जागेवर चौरस उभा असू द्या.

पाण्याची सवय आत्ताच लावायची. घोडा परक्या पाण्याला नाक लावून मागं सरतो. खानापूरकडचं गोडं पाणी प्यायलेल्या घोड्याला अथणीकडचं बोअरचं पाणी पाजून बघा. यावर आपल्याकडं सोपा उपाय आहे, तो म्हणजे गूळ. बादलीत मूठभर गूळ विरघळवून आठ दिवस तेच पाणी द्या. प्रवासात कुठलंही पाणी असो, गुळाचा वास ओळखीचा लागतो आणि घोडा तोंड लावतो. ज्याला गूळ आवडत नाही असा घोडा मी एकच पाहिला, आणि त्याच्यासाठी घरचे कॅन भरून न्यावे लागले.

लस द्यायची असेल तर निघण्याच्या दोन आठवडे आधी. लसीनंही एक-दोन दिवस अंग तापतं आणि मग कशाचा ताप ते कळत नाही. नालबंदाला चार-पाच दिवस आधी बोलवा. आदल्या दिवशी ठोकलेल्या नालेचा खिळा खुरातल्या जिवंत भागाच्या जवळ बसला असेल, तर लंगडेपणा शर्यतीच्या मैदानावर दिसतो.

कागदपत्रांत कसूर नको. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे केंद्राचे नियम आहेत आणि त्यात घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला त्यात लागतो. ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवालही जवळ ठेवा. हा रोग माणसालाही होतो, त्यावर घोड्याला उपचार करत नाहीत, आणि तो सापडला तर आसपासच्या भागातली घोड्यांची ने-आण थांबते. आपल्या सीमाभागातली एक खास अडचण सांगतो. माझा दाखला एकदा फक्त कन्नडमध्ये होता. नाक्यापलीकडच्या पोलिसाला तो वाचता येईना, मला इंग्रजी दाखला आणायचं सुचलं नव्हतं, आणि घोडा उन्हात पाऊण तास बंद गाडीत उभा. चूक माझी. तेव्हापासून दाखला इंग्रजीत घेतो, दोन प्रती काढतो, आणि एक ड्रायव्हरच्या खिशात.

गाडी कशी हवी

वर सांगितलेल्या नियमांतच गाडीचं बरंचसं आलंय, आणि लिहिणाऱ्याला घोडी माहीत होती हे वाचताना कळतं. तळाला पाय न घसरेल असं काहीतरी हवं. बाजूंना गादी, बाजू बुटक्या असतील तर त्या उंच करायच्या. दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागं दोन भक्कम आडवे वासे. एका गाडीत चार ते सहाच घोडी. तोंडं डावीकडं, म्हणजे समोरनं येणाऱ्या गाड्यांपासून दूर. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नाही.

या शेवटच्या ओळीला लोक हसतात. हसण्याआधी गुणाकार करा. ३५ नं बेळगाव ते पुणे म्हणजे जवळजवळ दहा तास नुसते चाकावर, थांबे वेगळे. बेंगळुरू चौदा तासांच्या वर. म्हणजे बेंगळुरूचा प्रवास एका दमात करायचाच नाही, मध्ये रात्रीचा मुक्काम धरायचा.

लहान पिकअपमध्ये घोडा लांबीत उभा राहतो तेव्हा पुढं छातीला आडवी पट्टी आणि तिच्यापुढं डोकं खाली घालायला हात-दीड हात मोकळी जागा असलीच पाहिजे. ही जागा नसते म्हणून तर मान टपावर जाते. तिथं वाऱ्याबरोबर धूळ, ट्रकचा धूर आणि चिपाडांची कुसं थेट नाकात आणि डोळ्यांत. जागा नसेल तर मोठी गाडी करा. दोन घोडी मिळून भाडं वाटून घ्या. ओळखीचा जोडीदार बरोबर असला की घोडा निम्मा शांत राहतो, हा त्यातला फायदाच.

तळाला रबरी मॅट, वर भाताचा पेंढा. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून घालू नका, त्याला धूळ फार आणि पाय सरकतो. ताडपत्री वरनं असू द्या, बाजूंनी हवा खेळती हवी. पावसात चारही बाजूंनी ताडपत्री आवळली की आत मुताचा झणझणीत वास कोंडतो. तुमचे डोळे चुरचुरले तर समजा घोड्याची श्वासनळी केव्हाची चुरचुरतेय.

आदली रात्र

चंदी निम्मी करा. हुलगे, हरभरा, ओट जे काही घालत असाल ते निम्मं. सुटायच्या आधीच्या चार तासांत दाणा अजिबात नको. वैरण मात्र कमी करू नका. रात्री ओल्या कोंड्यात दोन चमचे साधं मीठ घातलं की घोडा पाणी जास्त पितो. मीठ सरळ तोंडात कोंबायचं नाही, आणि पाणी न पिणाऱ्या घोड्याला तर मुळीच नाही.

पायांना पट्ट्या बांधायच्या का, यावर आमच्यात दोन तट आहेत. माझं मत: नीट बांधता येत असतील तर बांधा, नाहीतर नको. वाटेत सुटलेली पट्टी पायाखाली येते आणि घोडा घाबरतो. आवळलेली पट्टी शिरेवर वळ उठवते. उन्हाळ्यात मी बांधत नाही.

चढवणं आणि बांधणं

चढवायची तालीम घरीच चार-पाच वेळा झालेली असावी, गाडी बंद ठेवून, आत वैरण ठेवून. निघायच्या दिवशी दहा माणसं मागनं हाकारे घालत असली तर घोडा चढतो, पण घामेघूम होऊन. तिथंच एक-दोन लिटर पाणी गेलं. गाडीचा फाळका बांधाला किंवा ओट्याला लावा म्हणजे चढ राहत नाही. एकच माणूस मोरकी (तोंडाला बांधलेली दोरी) धरून पुढं, बाकीचे गप्प.

आता मूळ मुद्दा. बांधायची कडी घोड्याच्या छातीच्या उंचीला असावी, टपाच्या उंचीला नाही. मोरकीपासून कडीपर्यंत दोरी दीड हात. एवढ्यात घोड्याचं तोंड गुडघ्यापर्यंत उतरतं, पण दोरीवरनं पाय पलीकडं जात नाही. दोरी थेट कडीला न बांधता आधी सुतळीचा एक वेटोळा कडीत घाला आणि त्याला दोरी बांधा. घोडा पडला तर सुतळी तुटते, मान तुटत नाही. गाठ निसरगाठच. एका झटक्यात सुटली पाहिजे, अंधारात, घाबरलेल्या हातानंसुद्धा.

वैरणीची जाळी छातीच्या खाली टांगा. वैरण आधी पाण्यात बुडवून निथळून घ्या, म्हणजे धूळ उडत नाही. ड्रायव्हर लोक इथं हमखास हरकत घेतात. आमच्याकडं येणारा एक म्हणाला होता, “लांब सोडलासा तर पडंल की ओ घोडं!” मी त्याला हौद्यात चढवलं, त्याचे हात वर कडीला धरायला लावले, आणि शेतातल्या रस्त्यावर गाडी चालवली, दोनशे पावलं असतील. उतरल्यावर स्वतःच म्हणाला, “मान मोकळी असंल तरच तोल ऱ्हातोय.” घोडाही मानेनंच तोल सांभाळतो. आणि तो ड्रायव्हर तेव्हापासून ब्रेक जपून मारतो, हा वरचा नफा.

रस्त्यावर

उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे निघा. ऊस तोडणीच्या हंगामात मात्र मी रात्र टाळतो. संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी या भागात मागं दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर निघालेले असतात, आणि एक खाडकन मारलेला ब्रेक घोड्याचे गुडघे फोडायला पुरतो. त्या दिवसांत उजाडता निघून ऊन तापायच्या आत पहिला टप्पा संपवायचा. तवंदी आणि वंटमुरीचे घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर नाही. पुण्याकडं जाताना खंबाटकीलाही तेच.

दर तीन-चार तासांनी थांबा. चहापुरतं नाही, अर्धा-पाऊण तास. सावलीत, इंजिन बंद करून, दोन्ही बाजूंच्या ताडपत्र्या वर. दोरी सोडून एका माणसानं हातात धरा आणि वैरण सरळ गाडीच्या तळावर टाका. घोडा डोकं खाली घालेल, फुरफुरेल, खोकेल, नाकातनं पाण्यासारखं गळेल. गळू द्या, त्यासाठीच थांबलोय. पांढुरकं, पातळ असेल तर काळजी नाही. पिवळं, घट्ट किंवा वास मारणारं असेल तर पुढचा प्रवास तिथंच थांबवून डॉक्टर गाठायचा.

थांब्याला दोन-तीन गोष्टी बघायच्या. गुळाचं पाणी दाखवा. नाही प्यायला तर दहा मिनिटांनी पुन्हा. हिरडीवर बोट दाबून सोडा, पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. खांद्यापुढची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच बसली पाहिजे. तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. आणि वहीत वेळ लिहा.

महामार्गाच्या कडेला घोडा खाली उतरवू नका, कितीही मायेनं वाटलं तरी. हॉर्नला बिचकून सुटलेला घोडा दुभाजक ओलांडताना मी पाहिलाय, पुढचं लिहीत नाही. उतरवायचा तर ओळखीच्या मळ्यात, आत रस्त्यापासून लांब, फाटक लावून. एक खरं सांगायचं तर हे अर्ध्या तासाचे थांबे सगळं काम करत नाहीत. बारा तास मान वर राहून साचलेलं अर्ध्या तासात निघत नाही. मोकळं सोडून आठ-दहा तास जमिनीवरची वैरण खायला मिळाली तर निघतं. म्हणून आठ तासांच्या पुढचा प्रवास असेल तर मी मुक्काम धरतो. ठाणात घोडा मोकळा, वैरण जमिनीवर, गव्हाण रिकामी.

मुक्कामाला दुसऱ्याच्या बादलीत पाणी पाजू नका. २००८ साली घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली आणि रेसकोर्ससुद्धा तिच्यातनं सुटले नाहीत. आपली बादली, आपला खरारा, आपला तोबरा.

पोचल्यावर

पहिल्या तासात लोक दोन चुका करतात. एक, भरपूर चंदी घालतात, दमलाय म्हणून. दोन, मैदान दाखवायला पळवून आणतात. दोन्ही नको. आधी पंधरा-वीस मिनिटं हातानं धरून चालवा, पाय मोकळे होतील. मग पाणी, मग जमिनीवर वैरण. दाणा चार-पाच तासांनी, तोही निम्मा. नेहमीची चंदी दुसऱ्या दिवसापासून हळूहळू.

ताप पोचल्याबरोबर घ्या, पण उन्हानं अंग थोडं तापलेलं असतं, म्हणून दोन तासांनी पुन्हा घ्या आणि तो आकडा खरा धरा. पुढं तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, चुकवायचं नाही. १०१.५ च्या वर गेला तर त्या घोड्याला काम नाही आणि डॉक्टरांना फोन. ताप नसला तरी डोकं खाली घालायला घोडा तयार नसेल, उथळ श्वास घेत असेल, पुढचे पाय फाकवून कोपरं बाहेर काढून उभा असेल, तर छाती दुखतेय असं समजा. पोटशूळ समजून त्याला फिरवत बसणारे मी पाहिलेत. खरा पोटशूळही याच दिवसांत होतो, तेव्हा लीद मोजा. दिवसाला आठ-दहा वेळा साधारण असते. लहान, कोरड्या, चकचकीत गोळ्या म्हणजे आतड्यात पाणी नाही. मूत कॉफीच्या रंगाचं आणि पुठ्ठे दगडासारखे झाले असतील तर एक पाऊलसुद्धा चालवू नका, डॉक्टर येईपर्यंत उभा ठेवा.

पळवायचा केव्हा

चार तासांच्या आतला प्रवास असेल तर आदल्या दिवशी पोचलेलं पुरतं. आठ तासांपर्यंत, दोन दिवस आधी. त्याहून लांबचा, मुक्काम करून केलेला प्रवास असेल तर शर्यतीआधी तीन ते पाच दिवस हातात ठेवा. पहिला दिवस नुसता चालवायचा, दुसऱ्या दिवशी हलकी दुडकी, तिसऱ्या दिवशी थोडं पळवून बघायचं, आणि पळवल्यावर नाडी किती मिनिटांत खाली येते ते घरच्या वहीशी ताडून बघायचं. दहा मिनिटांनीही ती ६०-६५ च्या खाली येत नसेल आणि घरी येत असेल, तर घोडा प्रवासातनं बाहेर आलेला नाही. टेपचा घेरही बघा. निघतानाच्या घेराला अजून दोन सेंटिमीटर कमी असेल तर मी नाव काढून घेतो. भाडं गेलं, नोंदणी गेली, गावातली माणसं दोन दिवस हसली. पुढच्या शर्यतीला घोडी असते.

औषधांबद्दल. शांत राहावा म्हणून निघताना गुंगीचं इंजेक्शन, दुखू नये म्हणून ताप-वेदनेचं इंजेक्शन, “आधीच दिलेलं बरं” म्हणून अँटिबायोटिक. तिन्ही आपल्याकडं सर्रास चालतात. गुंगीतल्या घोड्याला तोल सावरता येत नाही आणि त्याची मानच खाली लोंबते, घाट उतरताना तो पडतो. वेदनेच्या औषधानं ताप झाकला जातो, म्हणजे थर्मामीटर वहीत खोटं लिहितो. अँटिबायोटिकनं मान वर बांधल्याची चूक भरून निघत नाही. रेसकोर्सवर तर रक्त-लघवीची तपासणी होते, सापडलं तर जिंकलेलं बक्षीसही जातं. डॉक्टरांनी तपासून दिलं तरच, आणि कधी काय दिलं ते वहीत लिहून.

परतीचा प्रवास

याचं कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं. शर्यत संपली, ढोल वाजले, आणि अंधार पडायच्या आत घोडा गाडीत. अंग तापलेलं, पाणी तुटलेलं, श्वासनळी मैदानाच्या धुळीनं भरलेली. अशा घोड्याची मान पुन्हा आठ तास वर बांधणं म्हणजे जातानापेक्षाही वाईट. ती रात्र तिथंच काढा. चालवून थंड करा, अंगावर पाणी ओता, ते निपटून पुन्हा ओता, प्यायला थोडं थोडं करून हवं तेवढं द्या. माणसांना जायची घाई असेल तर माणसं पुढं जाऊ द्यात, सईस आणि ड्रायव्हर थांबतील. त्यांचं जेवण आणि रात्रीचं भाडं आधीच ठरवून ठेवा, नाहीतर नऊ वाजता ड्रायव्हर हॉर्न मारायला लागतो.

घरी आल्यावर पुन्हा तीन दिवस थर्मामीटर. आणि हौदा धुवून उन्हात वाळवा, मॅट उचलून खालनंसुद्धा.